वाघाळा: जोडनावात उरलेली नगरपालिका

नांदेडच्या महापालिकेचे पूर्ण नाव 'नांदेड वाघाळा शहर महानगरपालिका' असे आहे. कराच्या पावतीवर, निविदेच्या जाहिरातीत आणि निवडणुकीच्या अधिसूचनेत ते पूर्ण छापले जाते. बोलण्यात मात्र सहसा कोणी ते पूर्ण उच्चारत नाही. आमच्या डोंगरकड्याहून अर्धापूरमार्गे निघालेला माणूस 'नांदेडला जातो' असे सांगतो, आणि गोदावरीचा पूल ओलांडून पलीकडे जायचे असेल तर 'सिडकोला जातो' असे सांगतो. 'वाघाळ्याला जातो' असे म्हणणारा बहुधा त्या मूळ गावाचा सोयरा असतो. म्हणजे जे नाव कायद्याने महापालिकेच्या नावात बसवले आहे, ते लोकांच्या जिभेवरून जवळजवळ उतरले आहे. असे का झाले, आणि झाले तर त्यात आपले काय गेले, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

वाघाळा हे गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे गाव. नांदेडचे जुने शहर, गुरुद्वारा, रेल्वेस्थानक, बाजारपेठ हे सारे उत्तर तीरावर. दक्षिणेकडे मोकळी जमीन होती, म्हणून नव्या वसाहतीसाठी तीच बाजू निवडली गेली. सिडको हे महामंडळ १९७० साली मुख्यतः नव्या मुंबईच्या उभारणीसाठी स्थापन झाले. पुढे मराठवाड्यात औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) आणि नांदेडमध्येही त्याने वसाहती उभारल्या. नांदेडमधल्या या वसाहतीला आजही वर्तमानपत्रे 'नवीन नांदेड' म्हणतात. सिडको, हडको, त्यांच्या भोवतीची गावे आणि मूळ वाघाळा असा हा परिसर स्वतंत्र नगरपालिकेखाली आला. २६ मार्च १९९७ रोजी नांदेड आणि वाघाळा या दोन नगरपालिका एकत्र करून महापालिका अस्तित्वात आली. त्या दिवसापासून वाघाळा नगरपालिका हा भूतकाळ झाला. तिचे नाव तेवढे थोरल्या बहिणीच्या नावामागे लागून राहिले.

अशा नगरपालिकेचा इतिहास तो काय असणार, असे कोणी विचारील. राजे नाहीत, लढाया नाहीत, शिलालेख नाहीत. कारकीर्द लहान, हद्द लहान. पण उपनगरांच्या नगरपालिका हा महाराष्ट्राच्या स्थानिक स्वराज्याच्या इतिहासातील एक वेगळाच अध्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा मोठ्या शहराच्या चरित्रातील एका ओळीत उरकला जातो. 'अमुक साली तमुक नगरपालिका विलीन झाली' ही ती ओळ. त्या ओळीच्या आधी काय घडले होते, हे मात्र त्या चरित्रात सापडत नाही.

मुंबईचे उदाहरण घेऊ. वांद्र्याची नगरपालिका १८७६ साली स्थापन झाली. कुर्ल्यालाही स्वतंत्र नगरपालिका होती. ही गावे तेव्हा मुंबईत नव्हती, साष्टीत होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, आणि पुढे रेल्वेच्या कडेकडेने वस्ती सरकू लागली. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतून बाहेर पडून मोकळ्या हवेत राहावयास जाण्याची गरज अनेकांना वाटू लागली, त्याने या सरकण्याला वेग आला. १९२० साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हाच निर्माण झाला. १९५० साली अंधेरीपर्यंतचा आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंतचा मुलूख मुंबई महापालिकेत आला, आणि उपनगरांच्या नगरपालिका संपल्या. चौऱ्याहत्तर वर्षे स्वतःचा कारभार स्वतः पाहिलेले वांद्रे महापालिकेच्या लेखी 'एच' विभाग झाले. कुर्ला 'एल' विभाग झाला. गावाची नगरपालिका झाली आणि नगरपालिकेचे एक अक्षर झाले!

पुण्यातही शहर नगरपालिकेच्या शेजारी उपनगर नगरपालिका अशी वेगळी संस्था होती. १५ फेब्रुवारी १९५० रोजी या दोन्ही मिळून पुणे महापालिका झाली. शहर नगरपालिकेबद्दल पुण्यात पुष्कळ बोलले-लिहिले जाते. फुले, टिळक, गोखले अशी मोठी नावे तिच्याशी जोडलेली आहेत. उपनगर नगरपालिका मात्र त्या महापालिकेच्या जन्मकथेत एक घटक म्हणून येते आणि लगेच निघून जाते.

या संस्थांच्या जन्माची कारणे ठिकठिकाणी वेगळी आहेत. कोठे रेल्वे, कोठे लष्करी छावणीचा शेजार, कोठे औद्योगिक वसाहत, तर कोठे वाघाळ्यासारखी सरकारी महामंडळाने आखलेली नवी वस्ती. पण एक गोष्ट समान आहे. मोठे शहर ज्यांना अजून आपले म्हणत नव्हते आणि जुने खेडे ज्यांना आपले म्हणू शकत नव्हते, अशा माणसांनी एकत्र येऊन पाणी, दिवे, गटार, शाळा, बाजार आणि स्मशान यांची व्यवस्था करणे, हे या संस्थांचे काम होते. नोकरीसाठी आलेला कारकून, हप्त्यांवर घर घेतलेला शिक्षक, जमीन गेलेला शेतकरी आणि बांधकामावरचा मजूर हे एकमेकांचे शेजारी झाले, ते अशाच ठिकाणी. या चौघांनी मिळून कर कसा ठरवला, पहिला नळ कोणत्या गल्लीत गेला आणि कोणत्या गल्लीत गेला नाही, यात त्या समाजाच्या घडणीची सारी गोष्ट असते.

मराठवाड्याच्या बाबतीत तर हा इतिहास आणखी मोलाचा आहे. मुंबई इलाख्यात १८८२ च्या रिपनसाहेबांच्या ठरावानंतर निवडून आलेल्या प्रतिनिधींनी नगरपालिका चालवण्याची सवय हळूहळू रुजली. आमचा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच येथे लोकनियुक्त कारभाराला खरी सुरुवात झाली. १९५६ साली हैदराबाद राज्याचा जिल्हा नगरपालिकांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. विदर्भाला मध्य प्रांताचा कायदा, पश्चिम महाराष्ट्राला मुंबईचा, मराठवाड्याला हैदराबादचा, असे वेगवेगळे कायदे राज्यात होते. त्यांच्या जागी १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम आला. म्हणजे वाघाळ्यासारखी नगरपालिका जेव्हा उभी राहिली, तेव्हा या प्रदेशाला मतपेटीतून गावचा कारभार चालवण्याचा अनुभव येऊन जेमतेम एक-दोन पिढ्याच झाल्या होत्या. ज्यांच्या आजोबांना कारभाऱ्यासमोर बोलण्याची सोय नव्हती, त्यांची नातवंडे नगरसेवकाला दारात उभे करून जाब विचारू लागली. हा बदल लहान नव्हे.

आता विलीनीकरणाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. नदीच्या दोन तीरांवरच्या एकाच शहराला दोन नगरपालिका असणे सोयीचे नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. पाणीपुरवठा, सांडपाणी, मोठे रस्ते, पूल ही कामे हद्दी पाहून होत नाहीत. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडची निवड झाली, आणि २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहरात मोठी कामे झाली. एकट्या वाघाळा नगरपालिकेला असा निधी मिळता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. विलीनीकरण चूक होते, असा आमचा दावा नाही. विलीनीकरण करताना आपण संस्थेचा हिशेब फक्त मालमत्ता आणि देणी यांत मांडतो, तिने माणसांना दिलेले जवळपण आणि तिने जमवलेली स्मृती या दोन गोष्टी हिशेबातच धरत नाही, हे आमचे म्हणणे आहे.

जवळपणाचा हिशेब साध्या अंकगणितानेही मांडता येतो. १९९४ नंतर नगरपालिका कायद्यानुसार 'क' वर्गाच्या, म्हणजे चाळीस हजारांपर्यंत वस्तीच्या, नगरपरिषदेतही किमान सतरा सदस्य असत. तीस हजारांचे गाव धरले तर एका सदस्यामागे सतराशे-अठराशे माणसे येतात. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख होती आणि २०१७ च्या निवडणुकीत महापालिकेचे सदस्य होते एक्याऐंशी. म्हणजे एका सदस्यामागे सुमारे सहा हजार आठशे माणसे. त्यातही २०१७ साली चार सदस्यांचा प्रभाग होता. एक्याऐंशी जागा सुमारे वीस प्रभागांत वाटल्या गेल्या, म्हणजे एका प्रभागात सत्तावीस हजारांच्या आसपास वस्ती आली. ज्या वस्तीला पूर्वी स्वतःची नगरपालिका मिळाली असती, ती आता एका प्रभागात मावते. तिच्या वाट्याला सतरांऐवजी चार प्रतिनिधी येतात, आणि नळाला पाणी नसेल तर त्या चौघांपैकी कोणाकडे जावे हेच मतदाराला उमगत नाही.

घटनाकारांना नव्हे, तरी घटनादुरुस्ती करणाऱ्यांना हा धोका दिसला होता. १९९३ च्या जूनमध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. २००९ साली राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद आली; ग्रामसभेसारखे काही शहरातही असावे, हा तिचा हेतू. ती बव्हंशी कागदावरच राहिली. त्यावर कडी म्हणजे २०२२ साली राज्यातील बहुतेक महापालिकांच्या मुदती संपल्या, आणि नांदेडसह अनेक ठिकाणी तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. सतरा नाहीत, चारही नाहीत, असा तो काळ गेला. जुन्या नगरपालिकेची आठवण लोकांना अशा वेळीच येते.

हद्द ठरवण्याची रीत पाहिली म्हणजे लहान संस्थेचे स्थान आणखी स्पष्ट होते. महापालिकेच्या हद्दीत बदल करावयाचा असेल तर शासनाने महापालिकेशी विचारविनिमय करावा, असे १९४९ चा महापालिका अधिनियम सांगतो. जिला पोटात घ्यावयाचे, त्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या वाट्याला मसुदा प्रसिद्ध झाल्यावर इतरांप्रमाणे हरकती-सूचना देण्याचा हक्क येतो. मग अधिसूचना निघते. कल्याणजवळच्या सत्तावीस गावांची कथा यासाठी वाचण्यासारखी आहे. ती १९८३ साली महापालिकेत घेतली, २००२ साली वगळली, २०१५ साली पुन्हा घेतली. २०२० साली त्यांतील अठरा गावे वगळून त्यांची नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ साली महापालिकेत गेली आणि २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. वसई-विरार महापालिका २००९ साली चार नगरपालिका आणि अनेक गावे मिळून झाली, तेव्हा गावे वगळावीत म्हणून मोठे आंदोलन झाले. त्या चार नगरपालिकांपैकी नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर यांना तर नव्या नावातही जागा मिळाली नाही. त्या मानाने वाघाळा भाग्याचे म्हणावयाचे. सांगली, मिरज आणि कुपवाड या तिघांचे नाव १९९८ साली झालेल्या महापालिकेने जपले आहे, तरी बोलताना लोक 'सांगली महापालिका' एवढेच म्हणतात. जोडनावातील पहिले नाव जगते आणि पुढची नावे मान राखण्यापुरती उरतात, असाच अनुभव आहे.

आता स्मृतीचा प्रश्न. तो आम्हां मराठी शिकवणाऱ्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधी मत देणारे एकटे फुले होते. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावेत, ही त्यांची भूमिका होती. फुल्यांच्या चरित्रातील हा प्रसंग आज सर्वांना ठाऊक आहे. सभेत कोणी काय म्हटले, कोणी हात वर केला आणि कोणी केला नाही, हे सभागृहाबाहेर पोचले आणि टिकले, म्हणून तो ठाऊक आहे. लहान नगरपालिकेत फुल्यांच्या तोलाचा माणूस नसेल. पण सर्वानुमते होऊ घातलेल्या ठरावाला एकट्याने विरोध करणारी एखादी शिक्षिका, एखादा हमाल, एखादा किराणा दुकानदार तेथे नसेलच, असे कोणी म्हणावे? ते मत कोठे असेल तर इतिवृत्ताच्या वहीतच असेल.

विलीनीकरणाच्या वेळी मालमत्ता, देणी, कर्मचारी, कराची थकबाकी यांचा वारसा नव्या संस्थेकडे जातो. दप्तरही जाते. दप्तराचे मात्र पुढे काय होते? आपल्या सरकारी कार्यालयांत कागदपत्रांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. 'अ' वर्ग कायम ठेवावयाचा, 'ब' तीस वर्षे, 'ड' वर्षभराने नष्ट करावयाचा. या वाटणीनुसार १९९७ च्या 'ब' वर्गातील कागदांची तीस वर्षे २०२७ मध्ये भरतात. कायम ठेवावयाचे कागदही कायम राहतातच असे नाही. वाळवी, ओल, कार्यालयाचे स्थलांतर आणि जागेची टंचाई या चौघांना वर्गवारी वाचता येत नाही. बंद पडलेल्या संस्थेच्या वह्यांना तर वाली नसतो. चालू संस्थेचा कारकून जुना ठराव शोधतो, कारण उद्या त्याला त्याची गरज पडणार असते. संपलेल्या नगरपालिकेचा ठराव कोणाला हवा असतो? जमिनीचा एखादा दावा उभा राहिला तर वकिलाला; एरवी कोणालाच नाही.

आणि या वह्यांत भाषा असते. आम्ही वर्गात लीळाचरित्राचे गद्य शिकवतो, बखरींचे गद्य शिकवतो, लोकहितवादींचे गद्य शिकवतो. सूचक, अनुमोदक, दुरुस्ती-सूचना, दिवाबत्ती, नळपट्टी, घरपट्टी, मुकादम, नाकेदार, तहकूब, कायम करणे, दफ्तरी दाखल करणे, या शब्दांतून जी एक व्यवहाराची मराठी विसाव्या शतकात घडली, तिच्याकडे मात्र भाषेचे अभ्यासक क्वचितच वळतात. ही भाषा कृत्रिम आहे, कंटाळवाणी आहे, अशी तिची टिंगल होते. पण याच भाषेत लाखो माणसांनी आपल्या गल्लीतील अंधाराची तक्रार पहिल्यांदा कागदावर उतरवली. फारसी, संस्कृत आणि इंग्रजी या तिन्ही वळणांचे शब्द एकाच वाक्यात नांदविणारे हे गद्य आहे. मराठवाड्यात तर निजामी कारभारातील उर्दूचा ठसा आणि शासनाच्या पदनामकोशातील नवे शब्द यांची सांगड त्यात कशी पडली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

मराठीत शहराचे वर्णन लिहिण्याची परंपरा जुनी आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली आले, ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' १८६८ साली आले. त्या ग्रंथकारांनी रस्ते मोजले, विहिरी मोजल्या, बाजारभाव टिपले. आपल्या डोळ्यांदेखत बदलणारी वस्ती शब्दांत धरून ठेवावी, ही त्यांची तळमळ. तेच काम शहराच्या कडेविषयी कोणी केले, तर नवीन नांदेडचे वर्णन का होऊ नये? वाघाळा नगरपालिकेत काम केलेली माणसे आज हयात आहेत. सिडकोचे घर पहिल्यांदा उघडले तेव्हा दारासमोर काय होते, हे सांगणारी आजी आहे. जमीन गेली त्याची हकीकत सांगणारा शेतकरी आहे. आणखी वीस वर्षांनी हे वाक्य असे लिहिता येणार नाही.

आमची मागणी मोठी नाही. महापालिकेने वाघाळा नगरपालिकेची इतिवृत्ते, ठरावाच्या वह्या, अर्थसंकल्प आणि मतदारयाद्या वेगळ्या काढून त्यांची सूची करावी आणि छायाप्रती लोकांना पाहावयास मिळाव्यात. आमचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ गोदावरीच्या त्याच तीरावर, विष्णुपुरीला आहे. तेथील आणि आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांतील मराठी, इतिहास आणि लोकप्रशासन या विभागांनी एम. ए.च्या प्रकल्पांसाठी हा विषय द्यावा. दरवर्षी त्याच त्या कादंबरीतील स्त्रीचित्रणावर दहा प्रबंधिका लिहून घेण्यापेक्षा एका विद्यार्थ्याने एका प्रभागातील दहा वृद्धांच्या आठवणी लिहून आणल्या, तर मराठीचे काही वाईट होणार नाही.

हे सारे डोंगरकड्यासारख्या गावातून आम्ही का लिहीत आहोत, असाही प्रश्न येईल. कारण हा प्रश्न शहरांचा राहिलेला नाही. अर्धापूर काल ग्रामपंचायत होते, आज नगरपंचायत आहे. रस्ता रुंद झाला की गावे शहराकडे सरकतात आणि शहर गावांकडे. आज जी ग्रामपंचायत आपल्या भिंतीवर सरपंचांच्या नावांचा फलक लावून बसली आहे, ती उद्या नगरपंचायत होईल, परवा एखाद्या शहराचा प्रभाग होईल. त्या दिवशी तो फलक उतरवून कोठे ठेवावयाचा, हे आधी ठरवून ठेवले पाहिजे. वाघाळ्याचा फलक कोठे ठेवला आहे, एवढे जरी आपण शोधून काढले, तरी त्याची सुरुवात होईल.